बदली एकाची, बिऱ्हाड सर्वांचे

(पिंपळगाव बसवंत येथे भरलेल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक कुटुंब-मेळाव्यातील भाषण)



'शिक्षकाचा संसार' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी केली. मॅट्रिक होऊन व अध्यापनाची पदविका घेऊन मी १९७९ साली जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रुजू झालो आणि २०१७ साली सेवानिवृत्त झालो. विद्वत्तेचा अधिकार मजजवळ नाही. परंतु ३८ वर्षांत सहा वेळा बिऱ्हाड हलविल्याचा अनुभव आहे. तोच आपणांपुढे ठेवतो.

बदलीच्या हुकमावर नाव एकाचेच असते. पण हुकूम बजावावा लागतो साऱ्या घराला. मास्तरांना नव्या गावी खुर्ची, फळा व हजेरीपट तयार मिळतो. घरातील बाईला मात्र पाणी कोठून आणावे, सरपण कोणाकडे मिळेल, रात्री मूल तापले तर कोणाचे दार ठोठवावे, याचा पहिला धडा प्रत्येक गावी नव्याने गिरवावा लागतो.

ही गोष्ट आजची नव्हे. कविवर्य केशवसुत १८८९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मॅट्रिक झाले. मुंबईत त्यांनी निरनिराळ्या शाळांत शिकविले. पुढे खानदेशात भडगाव व फैजपूर आणि शेवटी धारवाड, असा त्यांचा शिक्षकी प्रवास झाला. १९०५ च्या नोव्हेंबरात हुबळी येथे प्लेगने त्यांचा अंत झाला आणि काही दिवसांतच त्यांच्या पत्नीही गेल्या. 'तुतारी' आपण वर्गावर्गांतून शिकविली. तिच्या कवीमागोमाग गावोगाव फिरलेल्या त्या संसाराचा धडा मात्र मी कोणत्याही क्रमिक पुस्तकात पाहिला नाही.

आपल्या नाशिक जिल्ह्यात तर तालुका बदलला की जणू मुलूखच बदलतो. सुरगाणा १९४८ पर्यंत संस्थान होते. तेथे व पेठकडे पावसाळा असा की चार-चार दिवस कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळवावे लागत. तिकडची दमणगंगा अरबी समुद्राला मिळते. आपल्या निफाडची कादवा नांदूर मधमेश्वर येथे गोदावरीत शिरते व तिचे पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते. जिल्हा एकच, पण बदली झाली की ज्याच्या काठी राहावयाचे, त्या पाण्याची दिशाही फिरते! पहिल्या गावी आमच्या घरी बाजरीच्या भाकरीची सवय. तेथे मिळे नागली. नागलीच्या पिठाला चिकटपणा नाही. ते कढत पाण्यात उकडून मळावे लागते, ही विद्या माझ्या पत्नीने शेजारच्या आदिवासी भगिनीकडून घेतली. मुलांनी आरंभी त्या काळसर भाकरीकडे पाहून तोंडे वाकडी केली. निफाड तालुक्यात आल्यावर तीच मुले नागलीसाठी हट्ट धरू लागली. येथे थंडीचा नवा अनुभव आला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील नीचांकी तापमान हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून झळकते आणि शेतकरी द्राक्षबागा जपण्यासाठी रात्री शेकोट्या पेटवतात. त्या शेकोट्या प्रथम पाहून धाकट्याने विचारले, "बाबा, झाडांनाही थंडी वाजते का?"

मध्यंतरी आम्ही बागलाणात होतो. तेथील अहिराणी मुलांच्या जिभेवर अशी बसली की 'शाळेत' म्हणण्याऐवजी ती 'शाळामा' म्हणू लागली. पुढच्या गावी वर्गातील मुले त्यांना हसली. मी त्यांना एवढेच सांगितले की, ज्याला घरात एक बोली येते त्याच्यापेक्षा ज्याला दोन येतात तो श्रीमंत.

एक व्यवहाराची गोष्ट येथेच सांगतो. प्रत्येक बदलीबरोबर मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले निघतात. आमच्या एका मुलाच्या नावातील वेलांटी एका दाखल्यावर ऱ्हस्व व दुसऱ्यावर दीर्घ पडली, आडनावाचेही तसेच झाले. जातीच्या दाखल्यासाठी अर्ज करताना ती वेलांटी सरळ करण्यास दोन गावांच्या चार खेपा पडल्या. म्हणून गाव सोडण्यापूर्वी जनरल रजिस्टरमधील नाव, जन्मतारीख व जात यांच्या नोंदी अक्षरन् अक्षर ताडून पाहाव्यात.

आता काळ पालटला आहे. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. २००० साली शिक्षणसेवक योजना आली व पहिली तीन वर्षे मानधनावर काढणे आले. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षेची पायरी वाढली. २०१७ च्या शासन निर्णयाने बदल्या संगणकावर गेल्या; पती-पत्नी दोघेही नोकरीत असून त्यांच्या शाळांत ३० किलोमीटरहून अधिक अंतर असेल, तर त्यांना जवळ आणण्याची सोयही त्यात झाली. वशिल्याचा उंबरठा झिजविणे कमी झाले, हे चांगलेच झाले. परंतु यंत्राला गावाचे नाव कळते. त्या गावी खोली मिळेल की नाही, हे कळत नाही. शिवाय आज दूरच्या पाड्यावर एकटी रुजू होणारी शिक्षिका पुष्कळदा आपल्याच घरची लेक असते. तिच्या लग्नाची बोलणी निघाली की 'नोकरी सोडील का?' हा प्रश्न आधी येतो. इतक्या परीक्षा देऊन मिळविलेली नोकरी तिनेच का सोडावी? मुलगा तिच्या गावी बिऱ्हाड नेईल का, असे विचारण्यास आपली जीभ का अडखळते? आजवर मास्तरांमागे घरे हलली. आता बाईंमागेही हलू द्यावीत.

यास्तव मंडळाला माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली ही की, जेथे जेथे आपली सभासद कुटुंबे आहेत, त्या प्रत्येक गावातील एका कुटुंबाचे नाव व दूरध्वनी क्रमांक त्यांच्या संमतीने चिटणीसांकडे नोंदलेला असावा. नवा शिक्षक अगर शिक्षिका, मग ती कोणत्याही ज्ञातीची असो, गावात आली म्हणजे त्या कुटुंबाने खोली पाहून द्यावी आणि पहिले आठ दिवस जेवणाची विचारपूस करावी. आम्हांस असे साहाय्य परज्ञातीच्या लोकांनी सहाही गावी दिले. ते ऋण असेच फिटेल.

दुसरी विनंती लहान आहे. आपण निवृत्त शिक्षकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करता. त्या वेळी त्याच्या सहधर्मचारिणीलाही व्यासपीठावर बोलवावे आणि बिऱ्हाड किती वेळा बांधले, हे तिलाच विचारावे. आमच्याकडील आकडा मी प्रारंभी सहा सांगितला. तो तिनेच मोजून दिलेला आहे.