वसाहत कशाने रुजते?



जहाजे, तोफा आणि पैसा असला की परमुलखात वसाहत होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा, हे अमेरिकेतील जेम्सटाउन या एकाच गावावरून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

१६०७ च्या मे महिन्यात लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीची १०४ माणसे तेथे उतरली. या कंपनीचा एक सूत्रधार सर टॉमस स्मिथ हा ईस्ट इंडिया कंपनीचाही गव्हर्नर होता. पुढच्याच वर्षी त्या कंपनीचे जहाज सुरतेस लागले. पण सुरतेस भरलेला बाजार होता. वखार घातली की व्यापार सुरू! जेम्सटाउनला बाजार कोठला? तेथे पेरावे तेव्हा खावे. आलेल्यांत मात्र नांगर धरणारे थोडे आणि सोने शोधणारे फार. पोट भरे ते पॉवहाटन लोकांच्या मक्यावर. वैर झाले, मका थांबला आणि १६०९-१० च्या हिवाळ्यात शेकडो माणसांतून सुमारे ६० उरली.

पिकेल ते कंपनीच्या कोठारात, मग घाम कोणी गाळावा? पुढे माणशी जमिनीचे तुकडे दिले, तेव्हा हात चालू लागले. जॉन रॉल्फने तंबाखूचे पीक बसविले. १६१८ मध्ये स्वखर्चाने येणाऱ्यास ५० एकर जमीन ठरली, १६१९ मध्ये निवडलेल्या प्रतिनिधींची सभा भरली आणि १६२० मध्ये कंपनीने सुमारे ९० स्त्रिया धाडल्या. आपले शेत, आपला संसार आणि कारभारात आपला शब्द, या तीन गोष्टींनी माणूस तेथे रुजला. १६२४ मध्ये कंपनीची सनद गेली, वसाहत राहिली.

परंतु श्रोतेहो, हिशेब येथे पुरा होत नाही. ते शेत पॉवहाटनांच्या भूमीवर होते. १६२२ मध्ये ते उठले. ३४७ वसाहतवाले मारले गेले आणि त्याचा सूड इंग्रजांनी वर्षानुवर्षे घेतला. १६१९ मध्येच, सभा भरल्यानंतर काही आठवड्यांत, पकडून आणलेले आफ्रिकी लोक तेथे विकले गेले. तंबाखूचे मळे पुढे अशाच आफ्रिकी लोकांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या गुलामीवर पोसले. भूमी, संसार आणि शब्द यांनी वसाहत रुजली खरी. पण एकाकडून भूमी गेली आणि दुसऱ्याला ना संसाराची शाश्वती, ना शब्द. म्हणून वसाहत यशस्वी झाली असे कोणी म्हणताच, ती कोणासाठी, हे आपण आधी विचारावे, इतकेच आमचे सांगणे आहे.