मगरिब होणारच, पण निकालाचं काय?



रमजानमध्ये एका मुलानं मला विचारलं होतं, "सर, रोजात तेरा तास मी पाण्याचा थेंब घेत नाही. मग अभ्यासाला बसल्यावर अर्धा तास मोबाइल बाजूला का ठेवता येत नाही? माझा नफ्स एवढा कमजोर आहे का?" तेव्हा मी चार उपदेशाच्या गोष्टी सांगून त्याला वाटेला लावलं. ते चुकलंच. आज नीट उत्तर देतो.

वॉल्टर मिशेल हे मानसशास्त्रज्ञ लहानपणी नाझींमुळे व्हिएन्ना सोडून अमेरिकेत आले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग सुरू केला. मुलासमोर मार्शमॅलो ठेवायचं. (पेढा समजा, काही बिघडत नाही.) आत्ता खाल्लं तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. पुढे त्यातल्या काही मुलांचा माग काढला, तेव्हा जास्त वेळ थांबलेली मुलं किशोरवयात अभ्यासात सरस दिसली. १९९० मध्ये हे छापून आलं, आणि मग काय! क्लासवाले, मोटिव्हेशनल स्पीकर, सगळ्यांच्या हाती मंत्र लागला: जो थांबला तो जिंकला.

पण ती मुलं बहुतेक विद्यापीठातल्या माणसांचीच होती. २०१८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी वेगवेगळ्या थरांतल्या ९०० हून जास्त मुलांची माहिती तपासली. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची समज हिशेबात धरल्यावर तो संबंध फारच थोडा उरला.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २०१३ चा, रॉचेस्टर विद्यापीठातला प्रयोग. फक्त २८ मुलं, म्हणजे छोटाच. मुलांना आधी सांगितलं, थांबा, छान रंग आणून देतो. निम्म्यांना खरंच आणून दिले. बाकीच्यांना सांगितलं, "सॉरी, नाहीयेत." स्टिकरच्या बाबतीतही तेच. मग मार्शमॅलो समोर ठेवलं. वचन पाळलं गेलेल्या १४ पैकी ९ मुलं पूर्ण १५ मिनिटं थांबली. फसवल्या गेलेल्या १४ पैकी किती? एक.

त्या तेरा मुलांचा मेंदू बिघडला होता का? उलट त्यांचा हिशेब बरोबर होता. या माणसाच्या शब्दावर थांबण्यात अर्थ नाही, हे त्यांना कळलं होतं.

आता रोजाकडे बघा. मगरिब होणारच, मिनिटासकट वेळ छापलेली असते. निर्णय सहरीलाच झालेला असतो, दर तासाला नव्यानं घ्यावा लागत नाही. घरातले, मोहल्ल्यातले सगळे सोबत असतात. आणि अभ्यासाचं बक्षीस? चार वर्षांनी डिग्री, मग कदाचित भरती, कदाचित पेपर फुटला, कदाचित निकालच लागला नाही. भाड्याची खोली मागायला गेल्यावर आडनाव ऐकून चेहरा बदलतो, हे तुम्ही पाहिलेलं असतं. अशा मुलानं कॉलेज सोडून डिलिव्हरीची गाडी धरली, तर आपण त्याला सब्र नाही म्हणतो. मीही म्हटलंय. सब्र म्हणजे नुसतं गप्प बसणं नव्हे, आणि ज्याला वारंवार रिकाम्या हातानं परत पाठवलं त्याला तो शिकवण्याआधी आपण काय दिलं, ते पाहावं.

मेंदूचं थोडक्यात सांगतो. कपाळामागचा भाग दूरचा विचार करायला मदत करतो, आणि तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. म्हणजे तुमचं काम अजून चालू आहे. लगेचच्या मोहाला चटकन दाद देणारे भाग आधीच जोमात असतात. दोघांची कुस्ती लावून एकाला सैतान ठरवू नका, मेंदू एवढा सरळ नाही.

मिशेलनाही दिसलं होतं की खाऊ झाकून ठेवला की मुलं जास्त थांबतात. काही मुलं डोळे झाकायची, गाणी म्हणायची. इच्छाशक्ती दाखवत बसण्यापेक्षा त्यांनी युक्ती वापरली. म्हणून त्या मुलाला आता सांगेन: मोबाइल अम्मीकडे दे, दुसऱ्या खोलीत. नफ्सशी नंतर भांड.

आणि आम्हा मोठ्यांसाठी: अभ्यासिका सातला उघडते म्हटलं, तर सातला कुलूप निघालंच पाहिजे. फॉर्म भरून देतो म्हटलं, तर शेवटच्या तारखेआधी भरून द्यावा. मागच्या महिन्यात किल्ली माझ्याकडे होती आणि मी वीस मिनिटं उशिरा पोहोचलो. बाहेर नऊ मुलं उभी होती. दुसऱ्या दिवशी चारच आली.

मला दिलेला वेळ संपलाय. प्रश्न विचारा.