ग्रंथ आणि गच्ची



श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले, त्या बडोद्यात ग्रंथालयाची महती मी वेगळी काय सांगावी? येथील मध्यवर्ती ग्रंथालयात पोलादी मांडण्या आणि जाड काचेची जमीन योजलेली आहे. उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा, आगीचे भय उरू नये, हा त्यामागील विचार. वास्तू हीच ग्रंथांची पहिली रक्षक होय.

मकरपुऱ्यासारख्या भागातील शाळांत मात्र मी निराळे चित्र पाहतो. गच्चीवरील पाण्याची वाट पालापाचोळ्याने तुंबते, भिंत ओल धरते, तिला टेकलेल्या कपाटात बुरशी शिरते आणि मागोमाग वाळवी. आपण डांबराच्या गोळ्या ठेवतो. ओल तशीच राहते. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात सुमारे वीस इंच पाऊस कोसळला. अशा दिवशी तळचा कप्पा रिकामा असलेलाच बरा.

उपाय साधे आहेत. मृगापूर्वी गच्ची झाडावी, कपाटे भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत. भिजलेले पुस्तक उन्हात न टाकता पानांत टीपकागद घालून पंख्याखाली वाळवावे.

पुस्तकावर दात्याचे नाव शोभते. गच्चीच्या डागडुजीवर ते घालता येत नाही, म्हणून तिला दाता मिळत नाही. आपल्या देणगीतील पहिला रुपया या अनामिक कामास लाभावा, एवढीच माझी विनंती. दिवंगत गुरुजनांचे याहून उचित स्मरण मला सुचत नाही.