कपाचा कान सांभाळा

आमची बदलीची नोकरी. भोपाळ, कोची, गुवाहाटी. आईचा सोनेरी काठाचा चहाचा सेट दर वेळी खोक्यात गेला आणि सहाही कप अजून शाबूत आहेत.

कपाचा कान वेगळा घडवून ओल्या मातीने चिकटवलेला असतो, म्हणून तुटतो तोच आधी. आधी कानाभोवती कागदाची गुंडाळी, मग सगळा कप. कपात कप घालू नका. बश्या आडव्या रचल्या की साऱ्यांचा भार तळच्या बशीवर येतो. त्या उभ्याच ठेवा, तळाला चुरगळलेल्या कागदाची जाड गादी करून. वर्तमानपत्र आतून नको, शाई लागते. कोरा कागद घ्या, नाहीतर जुनं सुती धोतर, त्याच्यासारखं काही नाही! सोनेरी काठावर चिकटपट्टी तर मुळीच नको, सोनं निघून येतं.

खोकं हलवून बघा. किणकिण ऐकू आली तर उघडा, आणखी कागद कोंबा. माळ्यावर त्याच्यावर दुसरं काही ठेवू नका.

आणि खोक्यावर पेल्याचं चित्र काढा. गुवाहाटीच्या हमालाला आपलं ‘नाजूक’ कसं कळणार?