'बेकार' कोणाला म्हणावे?



'बेकार' हा शब्द मूळचा फारसी. 'बे' म्हणजे वाचून आणि 'कार' म्हणजे काम. ज्याच्या हाताला काम नाही तो बेकार, एवढाच त्याचा मूळ अर्थ. मराठीत मात्र तो दोन अंगांनी रुळला. बेकार आंबा नासका असतो. बेकार तरुणाला केवळ काम मिळालेले नसते. शब्द एकच असल्याने आंब्याचा दोष तरुणाला चिकटतो आणि परिस्थितीचे नाव स्वभावाचे नाव होऊन बसते.

शब्द परका म्हणून असे घडले, असे कोणी म्हणेल. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत वसमतचा हा परिसर निजामी राजवटीखाली होता आणि तेथील कारभाराची भाषा उर्दू होती, हे खरेच. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळावेत यासाठीच. परंतु 'रिकामा' हा शब्द तर संस्कृत 'रिक्त'पासून आलेला, आपल्याच घरचा. त्याचाही 'रिकामटेकडा' झालाच ना! तेव्हा दोष शब्दाच्या कुळात नाही, तो वापरणाऱ्याच्या दृष्टीत आहे.

शासनाची व्याख्या याहून वेगळी आहे. राष्ट्रीय श्रमबल सर्वेक्षणात बेरोजगार ठरण्यासाठी काम नसणे पुरेसे नाही; कामाचा शोध किंवा काम करण्याची तयारीही असावी लागते. आठवड्यात एक तास काम केले, तरी साप्ताहिक मोजणीत तो मनुष्य रोजगारात धरला जातो. घरच्या शेतात बिनमोल राबणारा मुलगाही कामकरीच गणला जातो. ग्रामीण भागात काम हंगामाने येते, ही अडचण दांतवाला समितीने 1970 मध्ये मांडली होती. त्यानंतरच दर दिवसाच्या कामाची मोजणी सुरू झाली.

हळदीच्या या तालुक्यात ती अडचण समजावून सांगावी लागत नाही. मे-जूनमध्ये लागवड, जानेवारीनंतर काढणी, मग शिजवणे, वाळवणे, पॉलिश. त्या दिवसांत मजूर शोधून सापडत नाही आणि मधल्या काळात तोच मजूर काम शोधत असतो. वर्षभरासाठी त्याला एकच नाव कसे द्यायचे? महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्याने 1977 मध्ये निराळी वाट धरली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेत मजुराने काम मागायचे आणि पंधरा दिवसांत ते मिळाले नाही तर शासनाने भत्ता द्यायचा. काम नसण्याची जबाबदारी येथे प्रथमच मजुराच्या माथ्यावरून शासनाकडे गेली. प्रत्यक्षात भत्ता किती जणांच्या हाती पडला, हा प्रश्न निराळा.

शासनाच्या लेखी कामकरी असलेला हाच मुलगा घरच्या लेखी मात्र बेकार असतो. "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला पाच एकर हळद सांभाळणाऱ्याचे वडील खालच्या आवाजात सांगतात, "काही नाही, शेतीच करतो." त्या 'काही नाही'पायी मराठवाड्यात कित्येक कष्टाळू मुलांची लग्ने अडली आहेत. शहरात दहा हजारांवर राबणारा चालतो. स्वतःच्या जमिनीवर राबणारा चालत नाही! वधू-वर मेळाव्यांच्या परिचयपत्रात 'व्यवसाय' या रकान्यात म्हणूनच 'शेती' एवढे लिहून भागत नाही. पुढे कंसात 'नोकरीच्या शोधात' असे जोडावे लागते.