ट्रॅक्टरचा उडालेला रंग
(पाबळ येथील बैठकीतील भाषण)



शेतीमालाच्या भावाचे बोलायचे सोडून ही मंडळी रंगाचे काय घेऊन बसली, असे काही चेहऱ्यांवर दिसते आहे. पण हाही भावाचाच प्रश्न आहे. ज्वारी-कपाशीचा भाव आपल्या हातात नाही. जुन्या ट्रॅक्टरचा भाव थोडा तरी आपल्या हातात असतो, आणि तोही आपण घालवतो.

आमचेच सांगतो. एक जुना ट्रॅक्टर आम्ही विकायला काढला. इंजिन ठणठणीत; पण बॉनेटचा लाल रंग उडून गुलाबी झालेला, हात लावला की तळहाताला भुकटी. व्यापाऱ्याने इंजिन सुरूसुद्धा करायला लावले नाही. बॉनेटवर बोट ओढले, आम्हाला दाखवले आणि भाव पाडला. महिन्याभराने तोच ट्रॅक्टर त्याच्या दारात लखलखत उभा! नवा रंग मारला असेल म्हणून जवळ गेलो, तर रंग आमचाच. बाभळीच्या फांदीने पडलेला ओरखडासुद्धा जागच्या जागी होता. त्याने रंग नुसता घासून काढला होता.

झाले होते काय? रंग म्हणजे भुकटी आणि तिला धरून ठेवणारी तेल-राळ. उन्हातले अतिनील किरण वरच्या थरातली राळ मोडतात, भुकटी सुटी होते आणि रंग पांढुरका दिसतो. खालचा थर बहुधा शाबूत असतो. तो आहे की नाही, हे एका कोपऱ्यात घासून पाहिले की कळते.

पहिल्यांदा साबणाच्या पाण्याने धुवा. सावलीत, बॉनेट गार असताना, मऊ फडक्यावर रबिंग कंपाउंड घेऊन हलक्या हाताने घासा. फडके लाल होईल, घाबरू नका, तो मेलेला थर आहे. चमक येत नसेल तर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवा आणि पुन्हा कंपाउंड लावा. कडांवर रंग पातळ असतो, तिथे जोर नको. खालचा प्रायमर डोकावला की थांबा. शेवटी मेणाचे पॉलिश. अलीकडच्या काही ट्रॅक्टरवर पारदर्शक थर असतो. त्याचे पापुद्रे निघत असतील तर घासण्याचा उपयोग नाही.

आपल्याकडे डिझेलच्या बोळ्याने ट्रॅक्टर पुसायची खोड आहे. आम्हीही वर्षानुवर्षे पुसला. दोन दिवस चमक राहते, मग त्यावर धूळ बसते, आणि पुढे रंग द्यायचा म्हटले तर तेलकट पत्र्यावर तो धरत नाही.

जिथे गंज आहे तिथे मात्र घासून भागत नाही. तारेच्या ब्रशने लोखंड उघडे करा, थिनरने पुसा (त्या वेळी विडी लांब ठेवा), त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावा आणि वाळल्यावर इनॅमलचे दोन पातळ हात द्या. हे काम रब्बी ज्वारी निघाल्यावर, पावसाळ्याच्या आधी, सकाळी करावे. रेडिएटरच्या जाळीवर, रबरी नळ्यांवर, नंबराच्या पट्टीवर रंग नको. चेसिस नंबर घासला किंवा लांबीखाली गेला, तर ट्रॅक्टर नावावर करताना खेटे तुम्हालाच घालावे लागतील. रंगही पहिलाच ठेवा, आर.सी. बुकात त्याची नोंद असते.

एक गोष्ट जिवाची आहे. जुन्या रंगांत शिसे असे. आपला शेंदूर म्हणजे शिशाचेच संयुग, आणि लोखंडाला प्रायमर म्हणून तोही लावत. २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतले शिसे दशलक्षात ९० भागांवर आणले, पण आपली जुनी यंत्रे त्याआधीची आहेत. जुना रंग कोरडा खरवडू नका, ओला करूनच घासा. तोंडाला फडके पुरत नाही, चांगला मास्क हवा, आणि लेकरे अंगणात नकोत.

पेरणीयंत्राचे शत्रुत्व उन्हापेक्षा खताशी. खताच्या पेटीत उरलेले खत ओल धरते आणि पत्रा खाते. पेरणी संपली की त्याच दिवशी पेटी रिकामी करून धुवा. नांगराच्या फाळाला रंग देणे वाया, पहिल्याच तासात तो उडतो; त्याला वापरलेले ऑइल चोळून ठेवा.

घेताना याच्या उलट. लखलखीत जुना ट्रॅक्टर दिसला की खिशातून लोहचुंबक काढा आणि फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे तो ढिला धरतो, तिथे खाली लांबी भरलेली असते. रंग अजून ओला वास देत असेल तर जोडांजवळ वेल्डिंग शोधा. एकदा असा ट्रॅक्टर आम्ही घेतला आणि पहिल्याच नांगरटीत मडगार्डचा जोड सुटला. तेव्हा चुंबकाची अक्कल नव्हती.

हे शिकायला पाबळकरांना लांब जावे लागत नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली इथे विज्ञान आश्रम सुरू केला. काम करता करता शिकायचे, ही त्यांची रीत. तिथे पोरे वेल्डिंग-फॅब्रिकेशन हाताने शिकतात. कपाशीच्या मुलखातून आलेल्या पाहुण्यांनी जाताना तिकडे चक्कर टाकावी.

जेवणानंतर मंडपामागे सावलीत एक जुने बॉनेट ठेवले आहे. अर्धे आम्ही घासून ठेवले आहे, उरलेले अर्धे तुमच्यासाठी. फडकी आणि कंपाउंड तिथेच आहे.