सळईवरचे जिरे

श्रोतेहो, चीनमधील एखाद्या शहरात संध्याकाळी हिंडलात, तर रस्त्याकडेला कोळशाची लांबट शेगडी आणि तिच्यावर ओळीने मांडलेल्या सळया दिसतील. सळईत मेंढीच्या मांसाचे तुकडे, मधूनमधून चरबी; वरून तिखट, मीठ आणि जिरे. या खाद्याचे चिनी अक्षरही पाहा: दोन चौकोन आणि त्यांतून आरपार गेलेली उभी सळई! निरक्षरालाही कळावे.

ही चव मूळची वायव्येच्या शिनच्यांगमधील उइगुर लोकांची. १९८० नंतर त्यांनी ती पूर्वेकडील शहरांत नेली. ते याला ‘कावाप’ म्हणतात, म्हणजे आपला कबाबच. आणि जिऱ्याला म्हणतात ‘झिरे’! चिनी भाषेने तोच शब्द ‘झरान’ असा करून घेतला.

पुढे धूर डोळ्यांवर आला. २०१३ साली बीजिंगच्या अधिकाऱ्यांनी हवेसाठी उघड्यावरच्या शेकडो शेगड्या मोडून टाकल्या. धूर वाईट, हे खरेच. पण गाडीवाल्याचे पोट त्याच निखाऱ्यावर चालते. शेगडी मोडण्याआधी त्याला दुसरी जागा नको का दाखवायला?

गुरुजनहो, उद्या फळ्यावर ‘जिरे’ हा शब्द लिहा. एवढासा दाणा किती मुलखांत ओळखीचा आहे, हे मुलांना नकाशावर दाखवा.